बैलघोडा हॉस्पिटल ते आपली दावण



गटाच्या बैठकीत कर्ज, हप्ता, व्याज यांच्या खालोखाल कुठला विषय निघत असेल, तर तो शेरडा-करडांच्या आजारपणाचा. कुणाची शेळी हागवणीने बसली, कुणाची गाय व्यायल्यावर उठेना, कुणाच्या कुत्र्याला दुचाकीने उडवलं. मग डॉक्टरांकडे नेलं का, इंजेक्शन दिलं का, अशी विचारपूस होते. पण “डॉक्टर म्हणाले, जनावर दोन दिवस इथेच ठेवा,” असं कुणी सांगितलं की बैठक गप्प होते. आपलं माणूस आपण दवाखान्यात भरती करतो. जनावर भरती करायचं म्हटलं की मात्र जीव कचरतो.

म्हणून आजच्या भाषणात मी जनावरांच्या इस्पितळाचा इतिहास सांगणार आहे. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता, पण त्यात राजे होते, लढाया होत्या, तह होते. आजारी बैलाला कुठे ठेवायचे, त्याला कोण पाणी पाजायचं, हे कुणी शिकवलं नाही. खरं तर हा इतिहास फार जुना आहे आणि त्याचा एक मोठा टप्पा आपल्या मुंबईत घडलेला आहे.

सुरुवात करू या सम्राट अशोकापासून. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात त्याने ठिकठिकाणी खडकांवर लेख कोरवून घेतले. आपल्या नालासोपाऱ्यालाही अशा लेखांचे तुकडे सापडले आहेत. गुजरातेत गिरनारच्या पायथ्याशी जो मोठा खडक आहे, त्यावरच्या दुसऱ्या लेखात राजा दोन प्रकारच्या चिकित्सेची सोय केल्याचं सांगतो, एक माणसांची आणि दुसरी पशूंची. औषधी वनस्पती जिथे नव्हत्या, तिथे त्या आणून लावल्या, असंही त्यात आहे. माणूस आणि पशू एकाच ओळीत, शेजारी शेजारी.

त्यानंतरच्या काळात घोड्यांचं आणि हत्तींचं वैद्यक आपल्याकडे चांगलंच वाढलं. घोड्यांच्या वैद्यकाचा आद्य आचार्य म्हणून शालिहोत्राचं नाव घेतात आणि हत्तींच्या वैद्यकाचा पालकाप्याचं. घोड्याच्या वैद्याला ‘सालोत्री’ म्हणायचे, तो शब्द शालिहोत्रावरूनच आला. पण यातली मेख लक्षात घ्या. घोडा आणि हत्ती ही लढाईची जनावरं. राजाच्या पागेत सालोत्री होता, मोतद्दार होता, वेळेवर दाणापाणी होतं. शेतकऱ्याच्या बैलाला आणि विधवेच्या शेळीला मात्र गावातला जाणता माणूस, झाडपाला आणि डागणी, एवढंच मिळायचं. कुठल्या जनावराला चांगला उपचार मिळणार, हे त्याच्या मालकावर ठरायचं. हा धागा आपल्याला पुढेही दिसणार आहे.

आता येऊ या सतराव्या शतकात. गुजरातेत खंबायत नावाचं मोठं बंदर होतं. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी १६२३ साली तिथे आला. त्याने तिथे पक्ष्यांचं इस्पितळ पाहिलं आणि त्याचं वर्णन लिहून ठेवलं. आजारी, लंगडे, जोडीदार गमावलेले पक्षी तिथे ठेवलेले होते. बरे झाले की रानातले पक्षी सोडून द्यायचे आणि माणसाळलेले पक्षी एखाद्या भल्या माणसाच्या घरी सांभाळायला द्यायचे, अशी तिथली रीत होती.

त्याने पाहिलेली एक गोष्ट मला फार आवडते. त्या इस्पितळात उंदरांची काही पोरकी पिल्लं होती. पांढऱ्या दाढीचे एक म्हातारेबुवा नाकावर चष्मा लावून बसले होते. पिल्लं एका पेटीत कापसात ठेवलेली होती, आणि बुवा त्यांना पक्ष्याच्या पिसाने दूध पाजत होते, कारण पिल्लं इतकी लहान, की त्यांना दुसरं काही खाताच येत नव्हतं. ती मोठी झाली की त्यांना मोकळं सोडायचं, असा त्यांचा बेत होता.

मैत्रिणींनो, आई मेलेल्या करडाला बाटलीने दूध पाजताना तुम्हीही असंच केलेलं आहे. ऊब द्यायची, थोडं थोडं आणि वारंवार पाजायचं, हगतंय-मुततंय का बघायचं. औषध शोधणारे पुढे आले, यंत्रं पुढे आली, पण आजारी जिवाच्या शुश्रूषेचं मूळ काम चारशे वर्षांपूर्वी त्या म्हाताऱ्याबुवांच्या हातात जे होतं, तेच आजही आहे.

गुजरातेतल्या या संस्थांना ‘पांजरपोळ’ म्हणतात. म्हातारी, भाकड, लुळी, बेवारस जनावरं तिथे ठेवायची, वैरण घालायची, मरेपर्यंत सांभाळायची. जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांनी आपल्या कमाईतला वाटा देऊन त्या चालवल्या. मुंबईतल्या पांजरपोळाची कथा तर एका दंगलीपासून सुरू होते. १८३२ साली कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला. पारशी लोक कुत्र्याला पवित्र मानतात. त्या वर्षीच्या जून महिन्यात लोक रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडला, दगडफेक झाली. पुढे १८३४ साली शेठ जमशेटजी जीजीभाई आणि शहरातल्या व्यापाऱ्यांनी मिळून भुलेश्वराच्या बाजूला पांजरपोळ सुरू केला. कुत्री मारू नका, आमच्याकडे आणून द्या, आम्ही सांभाळतो, असा त्यामागचा विचार होता.

पांजरपोळात दया होती, वैरण होती. पण त्याची घडण अशी, की तिथे जनावर एकदा गेलं की बहुतेक वेळा तिथेच राहायचं. बाहेर कुणी त्याची वाट बघत नसायचं. बिनधन्याचं किंवा धन्याला नकोसं झालेलं जनावर तिथे जायचं. “पांजरपोळात टाकलं” असं आपण म्हणतो, त्यातलं ‘टाकलं’ हे क्रियापद नीट ऐका.

इस्पितळाची कल्पना यापेक्षा वेगळी आहे. तिथे जनावर ठरावीक दिवस राहतं, त्याच्यावर उपचार होतात, ते बरं होतं आणि आपल्या दावणीला परत येतं. धनी बाहेर वाट बघत असतो. ही कल्पना मुंबईत रुजली ती कष्टाच्या जनावरांमुळे.

१८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. ट्राम कंपनीच्या तबेल्यात सुरुवातीला ९०० घोडे होते, असं सांगतात. शिवाय व्हिक्टोरिया गाड्यांचे घोडे, गोदीतून कापसाच्या गाठी ओढणारे बैल, पाण्याच्या पखाली वाहणारे बैल आणि रेडे. सगळं शहर जनावरांच्या खांद्यावर चाललेलं होतं. जखमी खांद्यावर जू ठेवलं जायचं, लंगड्या घोड्याला चाबूक बसायचा. जनावरांवरची क्रूरता थांबवण्यासाठी एक संस्था त्याच १८७४ साली मुंबईत स्थापन झाली. गाडीवानाला पकडून दंड करता येत होता. पण प्रश्न असा, की सोडवलेल्या जखमी बैलाला ठेवायचं कुठे?

त्या प्रश्नाचं उत्तर परळला उभं राहिलं. गिरण्यांचे मालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८०च्या दशकात तिथे जनावरांचं इस्पितळ बांधलं गेलं आणि त्याला त्यांच्या पत्नीचं नाव दिलं गेलं. बाई साकरबाई दिनशा पेटिट पशु रुग्णालय, हे त्याचं पूर्ण नाव. पण मुंबईच्या कामगार वस्तीने त्याला आपलं नाव ठेवलं, ‘बैलघोडा हॉस्पिटल’. आजही परळला टॅक्सीवाल्याला बैलघोडा म्हणालात, तर तो बरोबर फाटकाशी आणून सोडेल. आज तिथे कुत्री-मांजरं मोठ्या संख्येने येतात, तरी नावात बैल आणि घोडा टिकून आहेत. हे इस्पितळ कुणासाठी बांधलं होतं, ते त्या नावातच आहे.

या इस्पितळाच्या आवारातच १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. जगातली पहिली पशुवैद्यकीय शाळा फ्रान्समध्ये लियाँ गावी क्लोद बुर्जला यांनी काढली, तिला १७६१ साली परवानगी मिळाली होती. आपल्या देशात लाहोरला १८८२ साली असं महाविद्यालय निघालं, मग मुंबई, १८९३ला कलकत्ता आणि १९०३ला मद्रास. इस्पितळाशेजारी महाविद्यालय असण्याचा फायदा असा, की विद्यार्थी नुसतं पुस्तक वाचून डॉक्टर होत नव्हते. भरती असलेलं जनावर ते रोज बघत होते. काल किती खाल्लं, आज रवंथ केलं का, जखम भरतेय की चिघळतेय, हे ओळीने आठ-दहा दिवस बघितल्याशिवाय कळत नाही. इस्पितळात जनावर राहिलं, म्हणून वैद्यक शिकता आलं.

आता एक कायद्याची गोष्ट सांगते, कारण तिचा आपल्याशी संबंध आहे. इंग्रजांनी १८९० साली जनावरांवरच्या क्रूरतेविरुद्ध देशभरासाठी कायदा केला. स्वतंत्र भारताने त्याच्या जागी १९६० साली नवा कायदा आणला, तो आजही लागू आहे. त्याच्या ३५व्या कलमात रुग्णालय आणि पांजरपोळ यांचा वेगवेगळा उल्लेख आहे. खटल्यातलं जनावर रुग्णालयात पाठवलं, तर ते कामाला योग्य होईपर्यंत तिथे राहणार आणि मग सोडलं जाणार. खर्च मालकाने द्यायचा. पण मालक गरीब असेल, तर उपचाराचा खर्च माफ करण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला दिलेला आहे. मालकाची गरिबी हे जनावराच्या मरणाचं कारण होऊ नये, एवढं शहाणपण कायदा करणाऱ्यांना होतं. ही सवलत खटल्यातल्या जनावरापुरती आहे, हे खरं. पण तत्त्व लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता मी आपल्याकडे येते. आमच्या भागातल्या एका गटातल्या ताईंनी गटाच्या कर्जातून शेळी घेतली होती. दुसऱ्या वेताला ती अडली. गावातल्या बायकांनी रात्रभर प्रयत्न केला, सकाळी टेम्पो करून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पिल्लू काढलं, ते मेलेलं निघालं. शेळी जगली, पण गळून गेली होती. डॉक्टर म्हणाले, “हिला दोन-तीन दिवस इथे ठेवा. सलाईन आणि इंजेक्शन वेळच्या वेळी द्यावं लागेल.” ताई म्हणाल्या, “न्हाई ओ साहेब. हितं सोडली म्हंजे गेलीच की.” आणि शेळी घेऊन त्या घरी आल्या. तिसऱ्या दिवशी शेळी गेली. हप्ते पुढे दहा महिने चालले.

तिथे ठेवली असती तर शेळी जगलीच असती, असं मी म्हणणार नाही. इतक्या उशिरा पोचलेलं जनावर इस्पितळातही जातं. ताईंना अडाणी म्हणायचा हक्कही कुणाला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं बघा. तिथे राहायला जागा नाही. रोजचा एसटीचा खर्च. घरी दोन लेकरं आणि सासूबाई. मजुरी बुडणार. शेळीला वैरण कोण घालणार, याचा पत्ता नाही. शिवाय मनात पक्की बसलेली ती जुनी गोष्ट, की जनावर कुठे ठेवून आलं म्हणजे टाकून आलं. पांजरपोळाची आठवण आपल्या मनात इतकी खोल आहे, की इस्पितळाची पाटी दिसली तरी आपल्याला पांजरपोळच दिसतो.

म्हणून भरती करून घेतलेल्या जनावराचं तिथे नेमकं काय करतात, हे माहीत असायला हवं.

पहिली गोष्ट म्हणजे पाणी. हगवण, उलटी, ताप यांनी अंगातलं पाणी आणि क्षार निघून जातात. एक बाटली लावली आणि घरी आणलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच अवस्था. कुत्र्याच्या पिल्लांना होणाऱ्या पार्व्हो रोगाचं उदाहरण घ्या. हा रोग जगात १९७८च्या सुमारास पसरला. उलट्या होतात, रक्ताची हगवण लागते. त्या विषाणूला मारणारं हमखास औषध नाही. पिल्लाचं अंग स्वतः लढून बाहेर येईपर्यंत त्याला चार-सहा दिवस सलाईनवर जगवून ठेवायचं, हाच उपचार. एका इंजेक्शनात पिल्लू उठेल, अशी अपेक्षा धरली तर पिल्लूही जातं आणि पैसेही जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे नोंद. निरोगी शेळीचं तापमान साधारण १०२ ते १०३ अंश फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त. त्यामुळे नुसता हात लावून “अंग गरम लागतंय” म्हणण्याला अर्थ नाही, थर्मामीटर लागतो. सकाळ-संध्याकाळ ताप किती, किती खाल्लं, लघवी झाली का, हे कागदावर लिहिलं जातं. ते वाचून डॉक्टर औषध बदलतात.

तिसरी गोष्ट म्हणजे बसलेल्या जनावराची कूस बदलणं. गाय किंवा म्हैस बसली आणि उठेना, तर तिच्या स्वतःच्या वजनाने खालच्या पायाचे स्नायू आणि नसा दबतात. मूळ आजार बरा झाला तरी पाय कामातून जातो. म्हणून खाली जाड गवत किंवा भुसा घालायचा आणि दर तीन-चार तासांनी कूस पालटायची. यात औषध काही नाही. चार माणसांची ताकद आणि घड्याळ लागतं.

चौथी गोष्ट म्हणजे वेगळं ठेवणं. बुळकांडी रोग आपल्या आजीच्या पिढीने पाहिलेला आहे. गावंच्या गावं दावणी रिकाम्या व्हायच्या. त्या रोगाच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यात सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली, आणि १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली, कारण रोगाचे जंतू वस्तीपासून लांब हवेत. पुढे लस आली, १९५४पासून देशभर लसीकरणाची मोहीम चालली आणि २०११ साली बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. माणसांच्या देवीनंतर जगातून नाहीसा झालेला हा दुसराच रोग. तेव्हा इस्पितळात आपलं जनावर दुसऱ्या खोलीत नेलं, आपल्याला हात धुवायला लावले, तर राग मानू नये. तो धडा फार जनावरं गमावून मिळालेला आहे.

आता या चारही कामांकडे पुन्हा बघा. पाणी पाजणं, ताप बघणं, कूस पालटणं, वेगळं ठेवून साफसफाई करणं. ही कामं घरोघरी कोण करतं? पण ज्या कामाला बायका रोज हात लावतात, त्या कामाचा हुद्दा बायकांना मिळायला फार वेळ लागला.

एलीन कस्ट नावाची बाई ब्रिटनमध्ये १९०० सालीच पशुवैद्यकाचं शिक्षण पुरं करून बसली होती. ती बाई आहे म्हणून तिला नोंदणी नाकारली गेली. आयर्लंडमधल्या खेड्यांत ती घोडे-गाई तपासत राहिली, आणि अधिकृत पशुवैद्य म्हणून तिचं नाव लागलं ते १९२२ साली. आपल्याकडे डॉ. सक्कूबाई रामचंद्रन १९५२ साली मद्रासच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या. भारतातल्या पहिल्या महिला पशुवैद्य म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. शुश्रूषा करणाऱ्या मुलींचं तर आणखी पुढचं. ब्रिटनमध्ये जनावरांच्या दवाखान्यातल्या परिचारिकांना रीतसर प्रशिक्षण १९६१ साली सुरू झालं. पण ‘नर्स’ हा शब्द माणसांच्या परिचारिकांसाठी राखीव होता, म्हणून यांना ‘सहायक’ म्हणायचे. ‘पशुवैद्यकीय नर्स’ असं नाव लावायला १९८४ साल उजाडलं. काम तेच, नाव मिळायला २३ वर्षं.

आणि एक बाई अशी, जी डॉक्टरही नव्हती आणि नर्सही नव्हती. लंडनमध्ये पहिलं महायुद्ध चालू होतं. मारिया डिकिन ही बाई गरीब वस्त्यांत फिरायची. तिथल्या लोकांच्या गाढवांना, कुत्र्यांना, मांजरांना, कोंबड्यांना काही झालं, तर डॉक्टरांची फी परवडायची नाही. नोव्हेंबर १९१७मध्ये तिने व्हाइटचॅपल भागातल्या एका तळघरात गरिबांच्या जनावरांसाठी मोफत दवाखाना उघडला. लोकांची रीघ लागली. पुढच्या दशकात तिने फिरत्या गाड्यांवर दवाखाने सुरू केले आणि इलफर्ड इथे जनावरांना भरती करून ठेवण्याची सोयही केली. ती संस्था आजही चालू आहे. परळचं इस्पितळ श्रीमंताच्या देणगीतून आणि कष्टाच्या बैलांसाठी झालं, तिचा दवाखाना गरिबांच्या घरातल्या जनावरांसाठी झाला. सालोत्र्याच्या काळी जो प्रश्न होता, की उपचार मालकाच्या ऐपतीवर का ठरावा, त्यावर एका बाईने केलेलं हे काम.

आज आपल्या राज्यात परळ आहे, मोठ्या शहरांत खासगी दवाखाने आहेत. २०२४ साली मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टने कुत्र्या-मांजरांसाठी चोवीस तास चालणारं मोठं इस्पितळ सुरू केलं. शहरातल्या कुत्र्याला आता अतिदक्षता विभाग मिळतो, ही चांगलीच गोष्ट आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी आपल्याला पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, तालुक्याला लघु सर्वचिकित्सालय आहे, मोठ्या गावांत दवाखाने आहेत. १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरतं पथक येण्याची सोय आहे. पण गावपातळीवर जनावर रात्री ठेवून घेण्याची सोय नसते. तपासलं, सुई टोचली, चिठ्ठी दिली, घरी. म्हणजे बाह्यरुग्ण विभाग सरकारचा आणि आंतररुग्ण विभाग आपल्या गोठ्यात. त्या विभागाची नर्स तुम्ही आहात, पगार नसलेली.

असं असेल, तर तो विभाग आपण नीट चालवला पाहिजे. आमच्या काही गटांनी सुरू केलेल्या चार गोष्टी सांगते. बघा, तुमच्याकडे जमतात का.

एक. डॉक्टरांकडून निघताना तीन प्रश्न विचारल्याशिवाय हलायचं नाही. औषध किती वेळा आणि किती दिवस? खायला काय द्यायचं आणि काय द्यायचं नाही? काय दिसलं की लगेच परत आणायचं? उत्तरं चिठ्ठीच्या मागे लिहून घ्यायची. लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या लेकराला बरोबर न्यायचं.

दोन. गटात एक थर्मामीटर, एक दोर, एक जुनं जाड कांबळं आणि क्षारांची पाकिटं ठेवायची. जनावरांचा थर्मामीटर वेगळा, त्यावर रंगाची खूण करायची. तो माणसांना कधीही लावायचा नाही.

तीन. भरतीची पाळी लावायची. कुणाचं जनावर मोठ्या दवाखान्यात ठेवायची वेळ आली, तर गटातल्या दोघींनी आळीपाळीने तिच्या घरचं बघायचं, म्हणजे ती जनावराजवळ थांबू शकेल. तिथे गेल्यावर आधी विचारायचं, मालकाला थांबता येईल का, वैरण कुणाची, रोजचा खर्च किती, घरी कधी सोडणार. ही विचारपूस केली की “सोडली म्हंजे गेली” ही भीती बरीच कमी होते.

चार. ज्या गावात पशुसखी आहे, तिथे तिला आधी बोलवायचं. ती डॉक्टर नाही, पण कुठलं आजारपण घरी सांभाळण्यासारखं आहे आणि कुठलं तासाभरात हलवण्यासारखं, एवढं तिला शिकवलेलं असतं. तिच्या फेरीचे पैसे थकवायचे नाहीत. फुकटच्या शुश्रूषेचा इतिहास आत्ताच सांगितला, तो आपणच आपल्या बाईच्या बाबतीत पुन्हा घडवायला नको.

आणि एक मागणी ग्रामसभेत करण्यासारखी आहे. दवाखान्याच्या आवारात पत्र्याची एक शेड, पाण्याची टाकी, चार दावणी आणि मालकाला रात्री टेकायला एक बाकडं. परळला जे बांधलं गेलं, त्याचा गाभा एवढाच होता. जनावराला ठेवायला जागा मिळाली, म्हणून पुढचं सगळं झालं. रस्ता, गटार, समाजमंदिर यांच्या यादीत ही शेड आपण घातली नाही, तर दुसरं कुणी घालणार नाही, कारण शेळ्या आपल्या आहेत.

ज्या ताईंची शेळी गेली, त्यांनी यंदा पुन्हा शेळी घेतली आहे. ती गाभण आहे. व्यायची तारीख आम्ही गटाच्या वहीत हप्त्यांच्या शेजारी लिहून ठेवली आहे, आणि त्या आठवड्यात त्यांच्याबरोबर कोण थांबणार, तेही.

पुढच्या महिन्यात पावसाळ्याआधीच्या लसींबद्दल बोलू. घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार, कुठली कधी घ्यायची. तोवर तुमच्या गावाजवळच्या दवाखान्यात जनावर ठेवायची सोय आहे की नाही, तेवढं विचारून ठेवा.